न वाकता गोल्फ खेळता यावे म्हणून: साधन आखण्यापूर्वीची तयारी

आराखडा कागदावर उतरवण्याआधी एक पूर्ण फेरी खेळाडूच्या मागे चालावे आणि तो किती वेळा, कशासाठी वाकतो याची नोंद करावी. जमिनीत टी (चेंडू उंचावर ठेवायची छोटी खुंटी) रोवून तिच्यावर चेंडू ठेवणे, फटक्यानंतर टी उचलणे, ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) मार्कर, म्हणजे चेंडूची जागा दाखवणारी चकती, ठेवून चेंडू उचलणे, तो परत ठेवून मार्कर काढून घेणे आणि शेवटी होलमधून चेंडू काढणे, एवढीच नित्याची कामे धरली तरी एका होलला पाच वेळा वाकावे लागते, म्हणजे 18 होलच्या फेरीत साधारण 90 वेळा. चेंडू पडून ग्रीनवर उठलेला खड्डा बुजवणे, बंकरमधली (वाळूच्या खड्ड्यातली) वाळू दाताळ्याने सारखी करणे, ग्रीनच्या कडेला आडवे ठेवलेले क्लब उचलणे आणि सुटलेली बुटाची नाडी बांधणे ही कामे त्यावर वेगळी. ही नोंद आराखड्यापूर्वी हवी, कारण बाजारातली बहुतेक साधने यांपैकी एखाददुसरेच काम वाचवतात आणि उरलेल्यांसाठी खेळाडूला वाकायला लावतात. पाठ ज्याला साथच देत नाही, त्याच्या दृष्टीने अशी अर्धी सोय फारशी उपयोगाची नसते.

साधन कोणासाठी आहे हे त्याच वेळी ठरवून लिहून ठेवावे. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णाला, विशेषतः शस्त्रक्रिया मागच्या बाजूने झाली असेल तर, मांडी 90 अंशांपलीकडे न दुमडण्याची ताकीद सुरुवातीच्या काळात सहसा दिलेली असते; गुडघा बदललेल्याला गुडघा टेकून बसणे नकोसे वाटते; पाठीचा कणा ताठ झालेला माणूस कमरेतून वाकू शकत नाही; आणि पार्किन्सन्सच्या रुग्णाला वाकण्यापेक्षा तोल जाण्याची धास्ती अधिक असते. या सगळ्यांना दांड्याचे एकच साधन पुरेल असे गृहीत धरू नये. माझ्या मते मात्र एक अट सर्वांना लागू आहे: साधन एका हाताने चालले पाहिजे, कारण दुसऱ्या हातात काठी असण्याची शक्यता मोठी आहे. संधिवाताची बोटे लक्षात घेऊन मूठ जाड ठेवावी आणि खटका बोटाच्या टोकाने नव्हे तर पूर्ण तळव्याने दाबता येईल असा असावा.

त्यानंतर नियमावली समोर ठेवावी. चेंडूचा व्यास किमान 42.67 मिलिमीटर आणि वजन जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम असते, होलचा व्यास 108 मिलिमीटर आणि खोली किमान 101.6 मिलिमीटर असते, टीची लांबी 101.6 मिलिमीटरपेक्षा अधिक चालत नाही आणि तिने फटक्याची दिशा दाखवता कामा नये. आर अँड ए आणि यूएसजीए या दोन नियामक संस्थांनी 2023 पासून अपंग खेळाडूंसाठीच्या सवलती नियम 25 म्हणून मूळ नियमावलीत घेतल्या, परंतु त्या अंध, अवयव गमावलेले, काठी-कुबडी किंवा चाकाचे साधन वापरणारे आणि बौद्धिक अपंगत्व असलेले खेळाडू यांच्यापुरत्या आहेत. केवळ पाठ आखडलेला, कुबडी न वापरणारा खेळाडू त्यांत बसत नाही; त्याच्यासाठी वैद्यकीय कारणास्तव साधन वापरू देण्याची नियम 4.3 मधील तरतूद पाहावी आणि स्पर्धेच्या समितीला आधी विचारावे. अडचणीच्या जागेतून बाहेर काढून पुन्हा खेळात आणायचा चेंडू 2019 पासून गुडघ्याच्या उंचीवरून सोडावा लागतो. खांद्यावरून सोडण्याची जुनी पद्धत ताठ पाठीच्या माणसाला सोयीची होती, हे जाता जाता नोंदवण्यासारखे आहे. दांड्याच्या टोकातून सोडलेला चेंडू चालेल असे मनाशी धरू नये. संस्थांकडे नमुना पाठवून निर्णय मागवता येतो, तो मागवावा.

सर्वांत अधिक वेळ चेंडू पकडणाऱ्या टोकासाठी राखून ठेवावा. पटरच्या (ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवण्याच्या क्लबच्या) मुठीच्या शेवटाला बसवायची रबरी वाटी स्वस्त आणि जुनी युक्ती आहे. पटर उलटा धरून वाटी चेंडूवर दाबली की तिच्या चिरा दिलेल्या पाकळ्या थोड्या फाकतात आणि घर्षणाने चेंडू धरून ठेवतात. झेंड्याची काठी होलमध्येच ठेवून पट मारण्याची मुभा 2019 पासून आहे. ती काठी 19 मिलिमीटर जाडीची धरली तर तिच्या आणि होलच्या भिंतीच्या मध्ये जेमतेम 44.5 मिलिमीटर जागा उरते, म्हणजे चेंडूभोवती दोनच मिलिमीटरांची मोकळीक. वाटीचा बाहेरचा व्यास चेंडूपेक्षा लहान असला तरच ती तिथे शिरेल. खरी अडचण चेंडू सोडताना येते. ग्रीनवर उचललेला चेंडू त्याच जागी अलगद ठेवून सोडावा लागतो. तो क्लबने घरंगळवत जागेवर आणला तर एका फटक्याचा दंड आहे. होलमधून चेंडू वर येईपर्यंत घट्ट धरणारी वाटी ग्रीनवर मात्र त्याला हिसका न देता सोडेल, हे केवळ रबराच्या घट्टपणावर साधत नाही, म्हणून आतून चेंडू हलकेच ढकलणारी एखादी दांडी आणि तिला वर मुठीपर्यंत आणणारी तार लागेल असे धरून चालावे. चाचणी ओल्या, चिखल लागलेल्या आणि नव्या कोऱ्या अशा तिन्ही चेंडूंवर घ्यावी, तसेच पावसानंतरच्या मऊ ग्रीनवर दाब देताना चेंडू खाली रुततो का हेही पाहावे. मार्करचे काम तुलनेने सोपे आहे: लोखंडी मार्कर आणि टोकाला चुंबक पुरतो, आणि मार्कर ठेवताना ग्रीनवरचा चेंडू चुकून हलला तरी दंड नसतो, तो परत जागेवर ठेवायचा असतो.

टी रोवणाऱ्या दांड्याची परीक्षा एप्रिल-मेमधल्या कडक जमिनीवर घ्यावी, कारण पावसाळ्यात सहज शिरणारी टी तेव्हा वाकते किंवा मोडते. जमिनीत न रोवता नुसती ठेवायची रुंद बुडाची टीही बरोबर करून पाहावी; ती फटक्याने उडते, तेव्हा तिला दोरी आणि वजन बांधण्याची, पण त्यातून दिशा न दाखवण्याची काळजी घ्यावी.

आराखडा करणारे हमखास विसरतात ती गोष्ट अशी की फटका मारताना हे साधन कुठेतरी ठेवावे लागते, आणि ते आडवे पडले तर तेच उचलण्यासाठी वाकावे लागते. ग्रीनमध्ये खुपसून उभे करण्याचा खिळा मैदानाच्या माणसांना रुचणार नाही, त्यामुळे कमरेच्या पट्ट्याला अडकणारी कडी किंवा बॅगेवरची खोबण आधीच आखावी आणि निसटल्यास हाताशी राहील असा मनगटाचा पट्टा द्यावा.

दांड्यासाठी अ‍ॅल्युमिनियमची नळी पुरेशी आहे. सरकणाऱ्या जोडात बंकरची वाळू शिरते, म्हणून जोड कमी ठेवावेत. कोकण-गोव्याच्या दमट हवेसाठी स्प्रिंग स्टेनलेस स्टीलची घ्यावी. नमुन्याचे भाग थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये छापून उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नयेत, कारण ते साधारण 60 अंशांना मऊ पडते.

मुंबई-पुण्याच्या क्लबांत खेळाडूबरोबर कॅडी (बॅग वाहणारा मदतनीस) असण्याची रीत असल्याने वाकण्याची बरीच कामे तोच करतो आणि या साधनाची गरज इथे झाकली जाते; चाचणीच्या फेरीत कॅडीला त्यामुळे नुसते बघायला सांगावे. तपासणीसाठी वेगवेगळ्या उंचीचे, निरनिराळ्या व्याधींचे खेळाडू त्यांच्या फिजिओथेरपिस्टच्या संमतीने निवडावेत, त्यांना पूर्ण 18 होल खेळू द्यावेत आणि शेवटच्या चार होलांकडे विशेष लक्ष द्यावे. थकलेला हात खटका चुकवतो तो तेव्हाच, आणि साधन बॅगेत टाकून खेळाडू पुन्हा वाकू लागला तर नेमक्या कोणत्या कामासाठी वाकला, हेही त्याच टप्प्यावर लिहून घ्यावे.