ऑइल-फ्री कॉम्प्रेसर कसा चालतो, आणि हवा कशी तपासावी

औषधं, दूध पावडर, गाड्यांचं पेंटिंग अशा कामांत हवेतून तेल आलं की माल बाद. म्हणून ऑइल-फ्री कॉम्प्रेसर, म्हणजे तेलाशिवाय हवा दाबणारं मशीन, बसवतात. तेल या मशीनमध्येही असतं, पण गिअरबॉक्समध्ये. हवा जिथे दाबली जाते तो भाग तेवढा कोरडा. त्यामुळे नुसत्या पाटीवर विसंबू नका. हवेच्या वाटेनं एकेक टप्पा बघत जा.

१. सक्शन, म्हणजे हवा आत ओढण्याचं तोंड. शेजारी डिझेल जनरेटरचा धूर असेल तर तेलाची वाफ इथूनच आत शिरते. सक्शन फिल्टर धूळ अडवतो, वाफ नाही.

२. स्क्रू. साध्या स्क्रू कॉम्प्रेसरमध्ये तेल वंगण देतं, फट बुजवतं आणि उष्णताही ओढून घेतं. इथे तेल नाही, म्हणून दोन्ही रोटर (फिरणारे स्क्रू) एकमेकांना न टेकता फिरतात. त्यांचा मेळ बाहेरचे टायमिंग गिअर राखतात. मधली फट अगदी बारीक, तरी तिच्यातून हवा मागे निसटतेच. ती कमी निसटावी म्हणून रोटर फार वेगात फिरवतात. रोटरवरचा लेप झिजला की फट वाढते, हवा कमी मिळते आणि तापमान चढतं. म्हणून डिस्चार्ज तापमान, म्हणजे बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान, रोज वहीत लिहा.

३. इंटरकूलर. एका दमात ७ बार (बार म्हणजे दाबाचं एकक) गाठायचं तर हवा ३०० अंशांच्या आसपास तापेल. त्यामुळे दोन टप्पे करतात आणि मध्ये हवा थंड करतात. कूलर चोंदू देऊ नका.

४. पाणी. इथे खरी फजिती होते, पावसाळ्यात तर हमखास. १०० सीएफएमचं (मिनिटाला १०० घनफूट हवा ओढणारं) मशीन ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेत चालवलं, तर ७ बारला दाबून ४० अंशांपर्यंत थंड केलेल्या हवेतून ताशी सुमारे ३ लिटर पाणी सुटतं. ऑटो ड्रेनवर (पाणी आपोआप सोडणाऱ्या झडपेवर) भिस्त ठेवू नका. पाळी सुरू होताना टाकीचा ड्रेन हातानं उघडून बघा. उरलेली वाफ ड्रायर काढतो.

५. तपासणी. जुन्या लाइनमध्ये आधीच्या मशीनचं तेल मुरलेलं असतं, म्हणून नमुना मशीनपाशी नको, वापराच्या नळावर घ्या. पांढऱ्या कापडावर डाग दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका: आयएसओ ८५७३-१ (दाबलेल्या हवेच्या शुद्धतेचं आंतरराष्ट्रीय मानक) च्या क्लास १ ची मर्यादा घनमीटरला ०.०१ मिलिग्रॅम तेल इतकी आहे, ती लॅबलाच कळते. क्लास ० त्याहून कडक, पण त्याचा आकडा ग्राहक आणि उत्पादक ठरवतात. तो लेखी मागून घ्या.