लोकायतांचे म्हणणे त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून कसे वाचावे

देव, परलोक आणि यज्ञाचे फळ यांविषयी शंका घेणारे लोक प्राचीन भारतात होते, हे दाखवायला फार खटपट करावी लागत नाही. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातच ‘इंद्र नाही, त्याला पाहिले कोणी?’ असे विचारणाऱ्याचा उल्लेख आहे. खरी अडचण पुढे येते. लोकायतांचा, म्हणजे देव व परलोक न मानणाऱ्या चार्वाकांचा, मूळ सूत्रग्रंथ उपलब्ध नाही, आणि जे काही हाती आहे ते बहुतेक बौद्ध, जैन, नैयायिक व वेदान्ती आचार्यांनी खंडन करण्यासाठी उद्धृत केलेले आहे. अशा सामग्रीतून त्यांचे म्हणणे वेगळे काढायचे असेल, तर काही पथ्ये पाळावी लागतात.

कोणतेही मत टिपून घेताना ते कोण सांगतो आहे आणि किती उशिरा सांगतो आहे, हे त्याच्यासमोर लिहून ठेवावे. दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातील सामञ्ञफलसुत्तात अजित केसकंबली या परलोक नाकारणाऱ्या विचारवंताचे मत येते. पण तिथे बोलतो तो अजित नव्हे, तर राजा अजातशत्रू, तोही बुद्धासमोर, आणि ते जतन केले बौद्ध परंपरेने. तरीही त्या उताऱ्यात एक रोखठोक चित्र आहे: चौघे जण तिरडीवरून प्रेत नेतात, स्मशानापर्यंत मृताविषयी बोलतात, मग हाडे कबुतराच्या रंगाची होतात आणि आहुतींची राख होते. खंडनासाठी एवढ्या बारकाव्याची गरज नसते, म्हणून असे तपशील मला विरोधकाने रचलेल्यांपेक्षा ऐकून उतरवलेले वाटतात.

त्यानंतर एकाच वचनाचे निरनिराळे पाठ शेजारी ठेवावेत. ‘ऋण काढून तूप प्यावे’ हे चार्वाकाचे वचन म्हणून घरोघरी ठाऊक आहे. ते चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रह’ या ग्रंथात, चार्वाकदर्शनाच्या अखेरीस येते. मात्र त्याच प्रकरणाच्या आरंभी हाच श्लोक ‘यावज्जीवं सुखं जीवेन्नास्ति मृत्योरगोचरः’ असा दिला आहे: जिवंत असेपर्यंत सुखाने जगावे, मृत्यूच्या तावडीतून कोणी सुटत नाही. दोन्हींचा उत्तरार्ध एकच आहे, की राख झालेला देह परत कुठून येणार. आरंभीच्या पाठात एक सरळ युक्तिवाद आहे आणि अखेरच्या पाठात टवाळी. मृत्यूच्या उल्लेखाची जागा उधारीच्या तुपाने घेतली, की उत्तरार्धाशी असलेला सांधाही ढिला पडतो. तेव्हा दोन पाठांपैकी प्रतिपक्षाची नाचक्की करणारा पाठ आधी संशयाने पाहावा. लोकांनी नेमका तोच पाठ केला, यात नवल नाही.

हीच कसोटी सिद्धान्तालाही लावावी. चार्वाक फक्त प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांनी थेट कळलेले, मानतात, अनुमान मानतच नाहीत, असे सर्वत्र सांगितले जाते, आणि मग धूर पाहून अग्नी ओळखणाऱ्या चार्वाकाची फजिती करणे सोपे होते. पण आठव्या शतकातील बौद्ध आचार्य कमलशील यांनी तत्त्वसंग्रह या बौद्ध ग्रंथावरील पंजिकेत, म्हणजे टीकेत, पुरंदर नावाच्या चार्वाकाचे मत दिले आहे. त्यानुसार लोकव्यवहारातले अनुमान चार्वाकांनाही मान्य आहे; लौकिक मार्ग ओलांडून केलेले अनुमान तेवढे ते नाकारतात. म्हणजे धुरावरून अग्नी चालेल, यज्ञावरून स्वर्ग चालणार नाही. विरोधकाने स्वतःला अडचणीचे ठरणारे मत नोंदवले असेल, तर त्याला अधिक वजन द्यावे.

वेगवेगळ्या काळच्या ग्रंथांत एकच युक्तिवाद भेटला, तर तो पक्का धरायला हरकत नाही. रामायणाच्या अयोध्याकांडात जाबाली हा ब्राह्मण रामाला म्हणतो, की एकाने खाल्लेले अन्न दुसऱ्याच्या देहात जात असेल तर प्रवासाला निघालेल्याच्या नावाने श्राद्ध घालावे, त्याला शिदोरी लागणार नाही. शतकानुशतकांनंतर ‘सर्वदर्शनसंग्रहा’तही हाच वाटसरू आणि हीच शिदोरी दिसते. मात्र महाकाव्ये वाचताना चिकित्सित, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेली, आवृत्ती वापरावी, रामायणासाठी बडोद्याची आणि महाभारतासाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेची. रामाच्या उत्तरात बुद्धाला चोर ठरवणारा जो श्लोक प्रचलित प्रतींत आढळतो, तो बडोद्याच्या आवृत्तीने मूळ संहितेत घेतलेला नाही. महाभारताच्या शांतिपर्वात युधिष्ठिराचा धिक्कार करणारा आणि ब्राह्मणांच्या हुंकाराने दग्ध होणारा चार्वाक हा तर राक्षस आहे; त्या कथेतून मत शोधू नये, चार्वाक या नावाविषयीचा राग तेवढा पाहावा.

ईश्वर न मानणारा प्रत्येक जण लोकायत, असे समजणेही टाळावे. वेदांतील कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा दर्शनाचे आचार्य कुमारिल भट्ट यांनी ‘श्लोकवार्तिका’त जगाचा कर्ता ईश्वर असल्याचे मत खोडून काढले आहे, आणि तरी वेदप्रामाण्यासाठी त्यांच्याइतका कडवा झुंजलेला दुसरा कोणी सापडणे कठीण.

एवढी तयारी झाल्यावर जयराशी भट्टांचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ हाती घ्यावा, आधी नव्हे. त्याचे हस्तलिखित १९२६ साली पाटण येथे मिळाले आणि ग्रंथ १९४० साली बडोद्याहून गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापला गेला. हा विरोधकाने केलेला गोषवारा नसून खुद्द नास्तिकाचा ग्रंथ म्हणून अनेकांना हायसे वाटते. पण जयराशी प्रत्यक्षासकट सर्वच प्रमाणांचा, म्हणजे ज्ञानाच्या साधनांचा, पाया काढून घेतात, त्यामुळे पुरंदर ज्या लौकिक अनुमानावर उभा आहे ते इथे शिल्लक राहत नाही. या ग्रंथातील वाक्ये सरसकट चार्वाकांच्या नावे लावण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी ती पुरंदराच्या मताशी ताडून पाहावीत.