आधी चाकं, रंग सगळ्यात शेवटी

भाचा न्यू जर्सीहून आला तेव्हा बुटांच्या तीन खोक्यांत भरून मॉडेल रेल्वेचे सतरा डबे घेऊन आला. कुणाच्या तरी तळघरातला माल, जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेला. "मावशी, एकतीस वर्षं लोकांच्या कवळ्या केल्यास, आता यांचं काहीतरी कर," म्हणाला. मिरजेत डेंटल लॅबमध्ये काम केलं की हात बारीक कामाला वळतो, एवढीच माझी पात्रता.

डबे बहुतेक एचओ मापाचे, म्हणजे खऱ्या डब्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढे (१:८७) आणि रुळांतलं अंतर १६.५ मिमी. त्यात अमेरिकन चाळीसफुटी बंद वाघिणी जास्त. असा एखादा डबा तुमच्या हाती आला, तर पहिला मोह आवरा: रंगाला हात लावू नका. मी आठ दिवस घालवून पहिली वाघीण चकचकीत रंगवली आणि ती पहिल्याच सांध्यावर रुळावरून उतरली.

डबा काचेच्या तुकड्यावर ठेवा आणि बोटाने हळूच ढकला. अधांतरी राहणारं चाक लगेच कळतं. मग चाकं काढा. जुनी प्लॅस्टिकची चाकं रुळावरचा मळ धरतात, त्यावर काळी साय जमते. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ती निघते, पण जमलं तर धातूची चाकंच बसवा. जोडीच्या दोन चाकांमधलं आतल्या बाजूचं अंतर व्हर्नियरने मोजा, १४.४ मिमीच्या आसपास हवं. कमी असेल तर चाक धुरीवर पिळत पिळत बाहेर सरकवा, ओढू नका. जुन्या युरोपियन डब्यांच्या चाकांची कड फार खोल असते. हल्लीच्या कमी उंचीच्या रुळावर ती खिळ्यांवर आपटत टकटक वाजत जाते. तिथे चाकं बदलण्याला पर्याय नाही.

आता स्क्रू. आपण बोलताना डब्यालाच बोगी म्हणतो, पण खरी बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची गाडी. प्रत्येक डब्याला अशा दोन. एका बोगीचा स्क्रू इतका आवळा की ती डावी-उजवी फिरेल पण डुलणार नाही. दुसरीचा पाव आटा सैल ठेवा, म्हणजे ती फिरेलही आणि डुलेलही. तिपाई कशाही जमिनीवर डुगडुगत नाही, चौरंग डुगडुगतो. डब्याचंही तसंच. माझे निम्मे डबे एवढ्यावरच सुधारले.

वजनाकडे लोक दुर्लक्ष करतात. अमेरिकन मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेचा नियम सोपा आहे: एचओ डब्याला एक औंस, शिवाय लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. चाळीसफुटी वाघीण साडेपाच इंच भरते, म्हणजे पावणेचार औंस, साधारण १०६ ग्रॅम. माझी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ६२ भरली. टायरवाल्याकडे चाकं बॅलन्स करायच्या चिकटपट्ट्या मिळतात, त्यातल्या दहा ग्रॅमच्या चार आणि पाचाची एक आत तळाला चिकटवली, दोन्ही टोकांना सारखी वाटून. शिशाच्या गोळ्या मात्र लाकडाच्या पांढऱ्या गोंदात बसवू नका. शिसं त्यात हळूहळू गंजून फुगतं आणि काही वर्षांनी डब्याची भिंत फाकवतं.

जुन्या अमेरिकन डब्यांचे हुक बोगीलाच जोडलेले असतात. गाडी मागे ढकलली की हुक एकमेकांना बाजूला रेटतात आणि बोगी तिरकी होऊन उतरते. म्हणून बोगीची ती जीभ कापून टाका आणि मुठीसारखं कपलिंग डब्याच्या तळालाच बसवा. १.६ मिमीचं भोक, एम-२चा टॅप, एक स्क्रू. कपलिंगचा मध्य रुळाच्या माथ्यापासून १० मिमीला जरासा कमी हवा. सगळ्या डब्यांचा एकसारखा. खाली राहिला तर प्लॅस्टिकच्या पातळ चकत्या घालून बोगीच्या जागी उंची वाढवा.

तुटलेल्या भागांना आमच्या धंद्याची युक्ती लागू पडली. एका वाघिणीचं दार गायब होतं. दुसरीच्या धडक्या दारावर दाताचं माप घ्यायची सिलिकॉन पुट्टी दाबली, निघालेल्या साच्यात आपोआप घट्ट होणारं सेल्फ-क्युअर अ‍ॅक्रिलिक ओतलं, दार तयार. खिळ्यांची डोकीसुद्धा उठली. पण पहिल्यांदा शहाणपणा करून तेच अ‍ॅक्रिलिक मी थेट डब्याच्या भोकात भरलं होतं. त्यातला द्रव डब्याचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, विरघळवतो. पाच मिनिटांत भिंत लोण्यासारखी खाली बसली. तेव्हा दार वेगळं ओता, एक दिवस वाळू द्या, मग फेविक्विकने चिकटवा. प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडायला अ‍ॅक्रिलिक शीटवाल्याकडचं पाण्यासारखं सोल्युशन चालतं. खिडकी उघडी ठेवा आणि ब्रशने सांध्यात एकच थेंब सोडा. बोग्या मात्र बऱ्याचदा डेलरिन नावाच्या निसरड्या प्लॅस्टिकच्या असतात. त्यांना काहीही चिकटत नाही, उगाच वेळ घालवू नका.

रंग काढायला तेच अल्कोहोल. रात्रभर बुडवा, सकाळी टूथब्रशने घासा. आधी तळाच्या कोपऱ्यावर थेंब टाकून बघा. थिनर आणि अ‍ॅसिटोन वापरूच नका.

सतरापैकी अकरा धावू लागले. उरलेल्यांत खिडक्या फुटलेला एक प्रवासी डबा होता. आपली रेल्वे म्हाताऱ्या प्रवासी डब्यांच्या खिडक्या-दारं बंद करते, टोकांना दारं पाडते आणि त्यातून मोटारी नेते. त्या डब्यांना एनएमजी म्हणतात. मीही तेच केलं: खिडक्यांवर प्लॅस्टिकच्या पट्ट्या, टोकांना ओतीव दारं, वर तपकिरी रंग. विरघळलेल्या भिंतीची वाघीण चाकं काढून फलाटामागे गोदाम झाली. बिघडलेली बाजू भिंतीकडे.

सगळ्यात जीव रमला तो दोन चिमुकल्या एन मापाच्या डब्यांत. त्यांची अंगं चेपलेली, बोग्या शाबूत, आणि त्यांच्या रुळांतलं अंतर ९ मिमी. एचओच्या हिशेबाने खरं अंतर किती होईल म्हणून ९ गुणिले ८७ केलं आणि ७८३ आले. लहानपणी आमच्या मिरजेच्या स्टेशनात तीन मापांचे रूळ होते, त्यातला सगळ्यात अरुंद पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जायचा: बार्शी लाइट रेल्वेचा, ७६२ मिमी. एकवीस मिलिमीटरचा फरक, मॉडेलवर पाव मिलिमीटरही नाही. म्हणजे खाली एनच्या बोग्या आणि वर १ मिमी शीटमधून कापलेलं १:८७चं अंग ठेवलं, की कुर्डुवाडीचा डबा तयार. जुन्या फोटोतल्या दाराची उंची सहा फूट धरून मी बाकीची मापं काढली. एक डबा झालाय, दुसऱ्याच्या खिडक्या कापून व्हायच्यात. काचा फेविक्विकने लावू नका, वाफेने पांढऱ्या पडतात.

उरलेली ब्रेकचाकं, पायऱ्या, कापलेल्या जिभा फेकायच्या नाहीत. माझ्या त्या औषधांच्या सात खणी डबीत आहेत. सोमवारचा खण फक्त चाकांचा, आणि बीपीच्या गोळ्या आता फ्रीजवर.