आजारी मुलाची शुश्रूषा: मापात होणाऱ्या या चुका टाळा

मूल तापाने फणफणलं किंवा जुलाबांनी मलूल झालं की घरातले रात्र रात्र जागतात. तरीही आजार चिघळतो, आणि बऱ्याचदा त्यामागे चुकलेलं माप असतं. पाणी किती, औषध किती मिलि, श्वास मिनिटाला किती, हे तीन आकडे नीट सांभाळले तर बरंच काही टळतं.

जुलाबापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त घोळ ओआरएसमध्ये, म्हणजे जुलाबात पाजायच्या क्षार-ग्लुकोजच्या पाण्यात होतो. मोठं पाकीट 1 लिटर पाण्यासाठी असतं. त्यात साधारण 20.5 ग्रॅम पावडर असते. छोटी पाकिटं 200 मिलिसाठी मिळतात. मोठ्या पाकिटातली "अंदाजे चिमूटभर" पावडर ग्लासात टाकणं ही नेहमीची चूक. मीठ आणि ग्लुकोज पाकिटात एकसारखं मिसळलेलं असेलच असं नाही, त्यामुळे चिमटीत काय आलं ते कळत नाही. ग्लुकोज आणि सोडियम ठरावीक प्रमाणात असले तरच आतडं ते दोन्ही मिळून शोषतं आणि त्यांच्यासोबत पाणी आत जातं. द्रावण घट्ट झालं तर उलट शरीरातलं पाणी आतड्यात ओढलं जातं, जुलाब वाढतात, रक्तातलं सोडियमही चढू शकतं. पातळ झालं तर गेलेले क्षार भरून निघत नाहीत. चव आवडत नाही म्हणून वरून साखर घालू नका. फळांचा रस किंवा शीतपेय हा ओआरएसला पर्याय नाही, त्यात साखर भरपूर आणि सोडियम नगण्य असतं. पाणी उकळायचं असेल तर आधी उकळून गार करा, मग पावडर घाला. बनवलेलं द्रावण 24 तासांनी ओतून द्या.

किती पाजायचं? प्रत्येक पातळ शौचानंतर 2 वर्षांखालच्या मुलाला 50 ते 100 मिलि, त्याहून मोठ्याला 100 ते 200 मिलि. "पाजलं की लगेच उलटी होते" ही तक्रार खरी असते, पण तहानलेल्या मुलाने घटाघटा प्यायलेला ग्लास हे त्याचं कारण असू शकतं. उलटी झाली की 10 मिनिटं थांबा आणि मग चमच्याने सुरू करा. दर 2 मिनिटांनी 5 मिलि. हे थोडं वाटतं, पण तासाभरात 150 मिलि पोटात जातं. थांबायचं नाही, एवढंच. अंगावरचं दूध आणि नेहमीचं खाणं बंद करू नका. जुलाब थांबवायच्या मोठ्यांच्या गोळ्या लहान मुलांना देऊ नका. डॉक्टरांनी दिलेलं झिंक जुलाब थांबले तरी 10 ते 14 दिवस पूर्ण द्या. ते मध्येच सोडलं जातं, हे आम्हाला फार खटकतं.

तापात घोटाळा होतो पॅरासिटामॉलच्या बाटलीवर. डोस वयावर नव्हे, वजनावर ठरतो: दर किलोला साधारण 15 मिग्रॅ, दोन डोसांत किमान 4 ते 6 तास, आणि 24 तासांत 4 पेक्षा जास्त वेळा नाही. 10 किलोच्या मुलाचे 150 मिग्रॅ घ्या. 5 मिलित 125 मिग्रॅ असलेल्या सिरपचे ते 6 मिलि होतात, 250 मिग्रॅवाल्याचे 3 मिलि, आणि 1 मिलित 100 मिग्रॅ असलेल्या ड्रॉप्सचे फक्त दीड मिलि. बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला की डोस दुप्पट, चौपट होतो आणि त्याचा मार यकृतावर बसतो. म्हणून दर वेळी लेबलवरचा आकडा मोठ्याने वाचा. सर्दीच्या औषधातही पॅरासिटामॉल असू शकतं, तेही तपासा. स्वयंपाकघरातला चमचा नको, तोंडाने औषध द्यायची सिरिंज वापरा. बाटली हलवा, सिरिंज डोळ्यांच्या पातळीवर धरा, बुडबुडा बाहेर काढा, मग मूल उठून बसलेलं असताना गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू सोडा. नाक दाबून घशात ओतलं तर औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. ॲस्पिरिन मुलांना तापासाठी देऊ नका. बर्फाच्या पाण्याने अंग पुसलं तर मूल कुडकुडतं आणि त्या कुडकुडण्याने आतली उष्णता वाढते.

तापात आकडी आली तर मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात बोट, चमचा, पाणी काहीही घालू नका. 5 मिनिटांत थांबली नाही तर तातडीने रुग्णालय.

खोकला असलेल्या मुलाचे श्वास 15 सेकंद मोजून चारने गुणू नका. लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही, एका श्वासाच्या चुकीचे चार होतात. मूल शांत असताना, जमल्यास झोपेत, सदरा वर करून पूर्ण 60 सेकंद मोजा. 2 महिन्यांखाली 60 किंवा जास्त, 2 ते 11 महिन्यांत 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांत 40 किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. श्वास आत घेताना फासळ्यांखालचा भाग खोल ओढला जात असेल तर आकडा कितीही असो, डॉक्टर गाठा.

दम्याच्या पंपासोबत स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) असेल तर त्याचा मास्क नाकातोंडावर घट्ट बसला पाहिजे. फटीतून औषध हवेत जातं. पंप हलवून एका वेळी एकच पफ, मग 5-6 शांत श्वास, मग पुन्हा हलवून दुसरा. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्या. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

आणि घरी मोजत बसू नये अशा वेळा: 3 महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, दूध-पाणी अजिबात न घेणं, पोटात काहीच न टिकणं, जागं करूनही डोळे न उघडणं, ओठ निळसर होणं, शौचात रक्त, 6 ते 8 तास लघवी नसणं. निघताना शेवटचा डोस किती मिलि आणि किती वाजता दिला ते कागदावर लिहून बाटलीसकट सोबत न्या.