तांदळाच्या कणीपासून जस्तयुक्त स्टार्च: प्रयोगशाळेतील कृती

स्टार्चला जस्त जोडून ती पूड जीवाणू रोखते का, हे तपासण्याची ही कृती आहे. गोंदिया-भंडाऱ्याच्या राईस मिलमध्ये निघणारी कणी ही ग्रामीण महाविद्यालयाला स्टार्चसाठी सहज मिळणारी वस्तू आहे. ती ०.२ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात रात्रभर भिजवल्यास प्रथिने सुटतात. मग वाटून, गाळून, तळाशी बसलेला साका पाणी उदासीन होईपर्यंत धुवावा आणि ४५ अंशांवर वाळवावा.

स्टार्चला जस्त धरता यावे म्हणून त्यात करायच्या पुढील बदलासाठी मोनोक्लोरोॲसिटिक आम्लाची रीत प्रचलित असली, तरी ते कातडीतून शरीरात शिरणारे विष असल्याने, रुग्णालय दूर असलेल्या गावी सायट्रिक आम्लच वापरावे, असे माझे मत आहे. २० ग्रॅम सायट्रिक आम्ल थोड्या ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून कॉस्टिक सोड्याने सामू (पीएच) ३.५ वर आणावा, त्यात ५० ग्रॅम स्टार्च कालवून रात्रभर ठेवावे, ५० अंशांवर पूर्ण वाळवावे आणि ओव्हनमध्ये १४० अंशांवर सात तास तापवावे. आम्ल एस्टर बंधाने स्टार्चला जोडले जाते आणि त्याचे मोकळे कार्बॉक्सिल गट जस्त धरून ठेवतात.

न जोडलेले आम्ल धुऊन काढल्यावर, पूड पाण्यात ढवळत खाण्याच्या सोड्याने सामू ५.५ च्या आसपास आणावा, ०.१ मोलर झिंक सल्फेट घालावे व दोन तास ढवळावे. सामू ७ च्या पुढे गेल्यास पांढरे झिंक हायड्रॉक्साइड बसू लागते आणि पांढऱ्या पुडीत ते ओळखू येत नाही. धानाच्या खैऱ्यावर (जस्ताच्या कमतरतेमुळे होणाऱ्या रोगावर) वापरले जाणारे कृषी केंद्रातील झिंक सल्फेट येथे चालणार नाही, कारण त्यात शिसे व कॅडमियमचा अंश असू शकतो. बोअरचे जड पाणीही नको. त्यातील कॅल्शियम जस्ताची जागा अडवतो.

खरी मेहनत धुण्यात आहे. धुवणाच्या पाण्यात बेरियम क्लोराइडचे (हेही विषारीच) दोन थेंब टाकल्यावर दुधाळपणा येत असेल, तर सल्फेट आणि त्यासोबतचे मोकळे जस्त अजून शिल्लक आहे, असे समजावे. असा नमुना जीवाणू मारतो, पण श्रेय स्टार्चचे नसते. म्हणून चाचणीत साधा स्टार्च, जस्ताविना सायट्रेट स्टार्च आणि तेवढेच जस्त असलेले झिंक सल्फेट, असे तिन्ही नमुने सोबत ठेवावेत. जस्ताचे प्रमाण ईडीटीए (धातूला बांधून घेणारे रसायन) थेंबाथेंबाने घालून, म्हणजे अनुमापनाने, काढावे: ०.०१ मोलर द्रावणाचा प्रत्येक मिलिलिटर ०.६५४ मिलिग्रॅम जस्त दाखवतो.

पूड अविद्राव्य असल्याने चकतीभोवती जीवाणू न वाढलेल्या वर्तुळावर विसंबू नये, जीवाणूंच्या वसाहती मोजाव्यात, तेही सूक्ष्मजीवशास्त्राच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली. मानवी पेशींवरील चाचण्या झाल्याशिवाय ही पूड जखमेवर लावू नये. जीवाणू वाढवलेल्या बश्या १२१ अंशांवर १५ मिनिटे ऑटोक्लेव्ह (दाबाखालील वाफेने निर्जंतुक) कराव्यात आणि जस्त मासोळ्यांना घातक असल्याने धुवणाचे पाणी नाल्यात सोडू नये. चुन्याने सामू ९ करून बसलेला साका वेगळा साठवावा.