मरळ, शिंगटा आणि मधेच चिलापी: एकच रॉड घ्यायचा तर कुठला घ्यायचा

दर उन्हाळ्यात उजनीचं पाणी खाली गेलं की आमच्या ग्रुपमधलं कुणीतरी विचारतंच, मासे धरायचा रॉड घ्यायचाय, स्वस्तातला सांगा पण सगळं झालं पाहिजे त्याच्यावर. आणि सोबत एखादा अमेरिकन व्हिडिओ पाठवतात ज्यात तो माणूस बास आणि वॉलआय या माशांसाठी रॉड दाखवत असतो. आता भीमेत ना बास आहे ना वॉलआय, हे मासे तिकडचे, पण म्हणून तो व्हिडिओ अगदीच फुकट गेला असं नाही बरं का.

कसं ते सांगतो. बास शेवाळात, पडलेल्या झाडाच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि वरनं काही गेलं की धाडकन तोंड मारतो. हे वाचून कुणाची आठवण झाली? मरळीची. वॉलआयच्या डोळ्यात मागं एक चमकणारा थर असतो, त्यामुळं त्याला अंधुक उजेडात चांगलं दिसतं, म्हणून तो दिवस मावळताना आणि रात्री तळाजवळ चरतो आणि घास इतका हळू घेतो की नवख्याला कळतही नाही. आपला शिंगटा मिशांनी हुडकतो, डोळ्यांनी नाही, पण वेळ तीच आणि जागा पण तीच, तळाची. म्हणजे तिकडं ज्या एका रॉडवर हे दोन्ही मासे धरतात तोच रॉड इकडं मरळ आणि शिंगट्याला चालतो. साडेसहा ते सात फूट, मीडियम पॉवर, फास्ट ॲक्शन, स्पिनिंग म्हणजे ज्याला रीळ खालच्या बाजूला लटकतं तो. झालं, एवढंच उत्तर आहे. पुढचं सगळं हे दुकानात फसू नये म्हणून.

पॉवर आणि ॲक्शन यात लोक लई घोळ घालतात. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला जोर किती लागतो ते. ॲक्शन म्हणजे तो वाकतो कुठनं. ओल्या निरगुडीची काठी हातात धरून टोकाला वजन बांधा, ती पार मधनं कमान होते, तसा रॉड असेल तर त्याला मॉडरेट म्हणायचं. आणि जो फक्त वरच्या साधारण एक तृतीयांश भागात वाकतो, खालचा भाग ताठ राहतो, तो फास्ट. फास्ट का घ्यायचा तर शिंगट्यानं तळाशी घास चाचपला की ते टोकातनं थेट हातात येतं, आणि झटका मारला की गळ लगेच रुततो. मॉडरेटला झटका अर्धा काठीतच जिरतो. पण हां, कणकेचा गोळा लावून रोहू-कटल्याला बसणारा असाल तर उलट थोडा मऊ रॉड बरा, मोठा मासा एकदम धावला तरी काठी झटका खाते आणि तोंड फाटून गळ सुटत नाही.

रॉडवर मुठीच्या जरा वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. लाइन म्हणजे दोरा किती पौंडाचा आणि लुअर म्हणजे खोटं आमिष किती ग्रॅमचं हे दोन आकडे तिथं असतात. कधी ग्रॅमच्या जागी औंस असतं, एक औंस म्हणजे २८ ग्रॅमच्या जरा वर, म्हणून पाव औंस म्हणजे ७ ग्रॅम धरा. आपल्याला ७ ते २१ ग्रॅमच्या आसपासचा पाहिजे. मरळीचा रबरी बेडूक १०-१५ ग्रॅमचा असतो, तळाला टाकायचं शिसं पण त्यातच बसतं. ज्या रॉडवर काहीच लिहिलेलं नाही, फक्त मोठ्या अक्षरात सुपर स्ट्राँग, तो जागेवर ठेवा.

आता दुकान. ऑनलाइन दोनशे रुपये वाचतात मान्य, पण पहिला रॉड हातात घेऊनच घ्यावा असं माझं मत आहे. मागं एका दुकानात मी कापसाचा बोळा काढला तर पोऱ्या हसायला लागला, काय करायलाय आण्णा, रॉडला इंजेक्शन देताय का. तो बोळा रॉडच्या प्रत्येक गाइडच्या, म्हणजे ज्यातनं दोरा जातो त्या कड्यांच्या आतनं गोल फिरवायचा. कुठं कापसाचा तंतू अडकला की समजायचं तिथं बारीक चीर किंवा खरबरीत जागा आहे, डोळ्याला ती दिसत नाही, पण तोच खरबरीतपणा दोन महिन्यात तुमची लाइन कापून ठेवणार. त्या दिवशी तिसऱ्या कड्याला तंतू अडकला, पोऱ्याचं हसू गेलं आणि त्यानं गपचूप दुसरा रॉड काढला. कडी किती आहेत तेही मोजा, सात फुटाला टोकाचं धरून सात-आठ तरी पाहिजेत, चारच असतील तर लाइन मधेच काठीला घासते आणि वाक सारखा येत नाही.

मग टोक हळूच छताला किंवा सतरंजीला टेकवून वाकवा, दुकानदाराला आधी विचारून, नाहीतर भांडण. वाक गुळगुळीत आला पाहिजे, एखाद्या जागी कोपरा पडल्यासारखा वाकला तर नको. जोड लावून रॉड हलवा, जोडात टकटक आवाज आला तर नको. शेवटी रीळ लावून बोट रीळच्या जरा पुढं ठेवून तोलून बघा, टोक धपकन खाली गेलं तर दोन तासात मनगट धरणार.

फायबरग्लास की कार्बन, यावर लोक रात्रभर वाद घालतात. कार्बन हलका, घास चांगला कळतो, पण दगडावर आपटला की त्याला आत चीर जाते आणि मग पुढच्या मोठ्या माशाला तो तिथंच मोडतो, तुम्हाला कळतही नाही का मोडला. ग्लास जड आणि जरा सुस्त पण मार खातो. अमेरिकेत १९७६ पासून अग्ली स्टिक म्हणून रॉड विकतात, त्यांनी दोन्हीची मिसळ केली आणि तेच टिकाऊपणासाठी नावाजलं गेलं. आपल्याला पण तशीच मिसळ घ्यायची, कंपनी कुठलीही असू द्या, कारण आपला रॉड मोटारसायकलवर सात रस्त्यापासनं टेंभुर्णीपर्यंत खड्डे खात जाणार. ३० टन, ४० टन असले कार्बनचे आकडे दाखवून जास्त पैसे मागतात, आकडा वाढला की रॉड ताठ आणि हलका होतो हे खरं, पण नाजूकही होतो, पहिल्या रॉडला त्याची गरज नाही.

टेलिस्कोपिक, म्हणजे ज्याचे तुकडे एकात एक सरकून तो पिशवीत जातो, तो मी पहिला घेतला होता. रीळ, लाइन, चार लुअर, डबी सगळं मिळून आठशे रुपये, मला वाटलं लॉटरी लागली. उजनीच्या काठाला पाणी ओसरलेलं, बुडालेल्या गावांच्या भिंती आणि वेड्या बाभळीचे बुंधे वर यायला लागलेले, आणि माझा गळ बरोबर एका बुंध्यात. मी ओढलं. वरचे दोन तुकडे सुटून लाइनीवरनं घसरत बंदुकीच्या गोळीसारखे पाण्यात. मित्र म्हणाला, बे, मासा धरायला आलास का रॉड सोडायला? चूक अर्धी माझीच, अडकलेला गळ रॉडनं ओढायचाच नसतो, रॉड सरळ गळाच्या दिशेला करायचा, लाइन एखाद्या काटकीला गुंडाळायची आणि मागं चालत जायचं. पण तरी, टेलिस्कोपिकच्या प्रत्येक जोडावर ताण येतो आणि स्वस्तातले जोड तो झेलत नाहीत. दोन तुकड्यांचा घ्या. सात फुटाचा रॉड साडेतीन फुटात मावतो, पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात घालून दोन्हीकडं बुच लावलं की गाडीला बांधून कुठंही न्या.

पैशाचं गणित माझं असंय. एकूण तीन साडेतीन हजार असतील तर सगळे रॉडवर उधळू नका. दीड हजारापर्यंतचा रॉड, तेवढंच किंवा जरा जास्त रीळला, २५०० किंवा ३००० साइझचं, आणि उरलेले चांगल्या लाइनला. लाइनीत कंजुषी नको. साधं तंगूस ताणलं की रबरासारखं लांबतं, लांबनं झटका मारला तर तो मरळीच्या कडक जबड्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून १५-२० पौंडाची वेणीची म्हणजे ब्रेडेड लाइन. पण ब्रेड दगडाला आणि भिंतीला घासली की कट्कन तुटते, तर पुढं दोन हात जाड तंगूस जोडायचं. रीळचा ड्रॅग, म्हणजे किती ओढ बसली की रीळनं दोरा सोडायचा ते, सामान तोलायच्या हुकाच्या काट्यानं लावून बघा, दीड-दोन किलोला दोरा सुटायला लागला पाहिजे. ड्रॅग आवळून ठेवणाऱ्यांचेच रॉड मोडतात.

आणि काठाजवळ आलेल्या माशाला रॉड सरळ डोक्यावर उभा करून उचलायचं नाही. टोकाचे सहा इंच सगळं वजन घेतात आणि मोडतात, मग लोक कंपनीला शिव्या देतात. जाळी नाहीतर हात वापरा, शिंगट्याला मात्र पाठीवर आणि दोन्ही बाजूला काटे असतात, तिथं हात घातला तर संध्याकाळ दवाखान्यात.

या एका रॉडवर काय होत नाही तेही सांगतो. दाट जलपर्णीच्या आत शिरून मरळ उपसायची असेल तर मीडियम कमी पडतो, तिथं मीडियम हेवीच पाहिजे. आणि चिलापीला तर रॉडच नको. बांबूची काठी, तंगूस, बारीक गळ, गांडूळ आणि तरंगायला ज्वारीच्या धाटाचा तुकडा. हिप्परग्याच्या तलावावर एक म्हातारे आजोबा असलीच काठी घेऊन बसलेले, माझ्या सगळ्या सामानाकडं बघून म्हणाले, केवढ्याला पडलं? मी सांगितलं. त्यांनी माझ्या रिकाम्या पिशवीकडं बघितलं आणि परत पाण्याकडं तोंड केलं.

कार्बन असलेला रॉड विजेच्या तारेखाली उभा धरू नका, तारेला लागला तर त्यातनं करंट उतरतो. वळवाचा पाऊस गडगडायला लागला की रॉड आडवा ठेवून बाजूला व्हायचं. तलावाचा ठेका बहुतेक कुणाकडं तरी असतो, आधी विचारून गळ टाका, आणि पावसाळ्यात मरळीची लालसर पिल्लं पाण्यावर घोळक्यानं दिसली तर तिथं बेडूक टाकू नका, खाली आईबाप राखण करत असतात, ते हमखास लागतात आणि पिल्लं उघडी पडतात.

घरी आल्यावर ओल्या फडक्यानं पुसून ठेवा, आणि जोडाच्या आतल्या टोकाला महिन्यातनं एकदा मेणबत्ती घासा. तरी जोड अडकलाच तर पक्कड लावू नका. खाली बसायचं, रॉड गुडघ्यांच्या मागनं आडवा घ्यायचा, जोडाच्या दोन्ही बाजूला हात धरून गुडघे बाहेर फाकवायचे, पिळायचं नाही, निघतो.