मामाच्या गावाला, मोझांबिकला

गोव्यात वास्कोला आमची मराठी मंडळी आहे, म्हणजे चर्च. तिथून कुणी पहिल्यांदा परदेशी मिशन ट्रिपला, म्हणजे चर्चतर्फे सेवेला निघालं की माझ्याकडे येऊन विचारतं, ‘ताई, काय काय न्यायचं?’ ते मी सांगते. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करायच्या. वाटेत पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशात विमान बदलायचं असेल, तर किमान दहा दिवस आधी लस टोचून घ्यायची आणि प्रमाणपत्र पासपोर्टसोबत ठेवायचं. व्हिसाच्या अर्जात कामाचं कारण खरं लिहायचं, ‘फिरायला’ लिहून सुटायला बघायचं नाही. झालं. पण खरी पंचाईत पुढेच असते. आपण सेवा करायला जातो आणि पोचल्या क्षणापासून आपलीच सेवा सुरू होते. त्याची तयारी कुणी करून घेत नाही.

मी २०२२ मध्ये मोझांबिकला गेले होते, बेइरा शहराजवळ. मार्च २०१९ च्या इदाई चक्रीवादळाने तो सगळा भाग झोडपून काढला होता. तीन वर्षं होऊनही तिथल्या एका प्रार्थनामंदिरावर धड छप्पर नव्हतं. आम्ही सात जण तीन आठवड्यांसाठी गेलो. दिवसा पत्रे चढवायचे, संध्याकाळी मुलांचे वर्ग घ्यायचे आणि रात्री दोघा-तिघांनी मंडळीतल्या एकेका कुटुंबाकडे मुक्काम.

आमच्या घरच्या बाई आईच्या वयाच्या. तिकडे अशा बाईला ‘मामा’ म्हणतात. लुगड्यासारखी कापुलाना गुंडाळलेल्या बाईला मामा म्हणताना माझी जीभ अडायची. बरोबरची मैत्रीण दर वेळी कानात विचारायची, ‘मग मामी कुठाय?’ तीन दिवसांत सवय झाली. तुम्हीही नावाने हाक मारू नका, तिथे ते उद्धटपणाचं वाटतं.

तिथली राज्यभाषा पोर्तुगीज, ती मला येत नव्हती. शेजारच्या म्हाताऱ्या कॅथलिक काकूंकडून चार वाक्यं घोकून गेले होते, ती विमानतळावरच संपली. पण स्वयंपाकाच्या अंगणात भलतीच मजा झाली. बटाटा म्हटलं की बटाटा यायचा. पपई, अननस, काजू, चावी, सगळं त्यांना थोडंफार कळायचं. बादलीला ते ‘बाल्द’ म्हणायचे. हे शब्द आपल्या मराठीत पोर्तुगिजांबरोबरच आले. शाळेत ते मी पाठ केलं होतं, खरं वाटलं ते तिथे.

ह्याच शब्दांनी मला एकदा तोंडघशीही पाडलं. अंगणात पाच कोंबड्या होत्या. चौथ्या दिवशी तीन उरल्या. मामा आणि त्यांची मुलं आमचं जेवण झाल्यावर जेवायची आणि त्यांच्या ताटात मी एकदाही रस्सा पाहिला नाही. रात्री मला झोप लागेना. सकाळी पाकिटातून नोटा काढल्या आणि जमेल तसं विचारलं, ‘पगार?’ पोर्तुगीजमध्ये पगार म्हणजे पैसे चुकते करणं. मला म्हणायचं होतं, आमच्या जेवणाचे पैसे देऊ का. त्यांचा चेहरा उतरला. काही न बोलता त्या आत गेल्या. त्या दिवशी जेवायला पुन्हा कोंबडीच होती. दोन उरल्या.

संध्याकाळी तिथल्या पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं आणि बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय उघडून दिला. येशू शिष्यांना पाठवतो तेव्हा थैली नेऊ नका म्हणतो, एकाच घरी राहा म्हणतो आणि पुढ्यात येईल ते खा म्हणतो. लहानपणापासून मी हा उतारा सुवार्तिकाच्या बाजूने ऐकत आले होते. घरधनिणीच्या बाजूने कधी वाचलाच नव्हता.

तेव्हा सोयीचं सांगते. पैसे हातात देऊ नका. तांदूळ, तेल, साखर असं सामान आल्या-आल्या मंडळीमार्फत सगळ्या यजमान घरांना सारखंच पोचवा. आमच्या गटाने हे दुसऱ्या आठवड्यात केलं, पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. जेवणाआधी घरातलं एखादं पोर तांब्याने हातावर पाणी घालतं, तेव्हा ‘मी घेते, मी घेते’ करत उठू नका. ताटात थोडंच घ्या, पण परत मागून घ्या. परत मागितलेलं त्यांना फार आवडतं.

आणि कामात शिरायला घाई नको. उखळात कसाव्याची (ज्याच्या कंदाचा साबुदाणा करतात त्या झाडाची) पानं कुटायला मी पहिल्या दिवशी मुसळ मागितलं तर बायका हसल्या. दिलं सहाव्या दिवशी. हात सोलवटले, पण पाहुणी ही पदवी निम्मी उतरली. ही पानं कच्ची विषारी असतात, कुटून पुष्कळ वेळ शिजवावी लागतात. मग त्यात दाण्याचं कूट आणि नारळाचं दूध घालतात. ह्याला मटापा म्हणतात. आमचं मूळ घराणं नगरचं, राहणं गोव्याचं. देशावरचं कूट आणि कोकणचा नारळ एका भांड्यात बघून मला भरूनच आलं. सोबत शीमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. हातानेच खायचा, त्यामुळे आपल्याला काही शिकावं लागत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी तापाने पडले. मलेरिया नव्हता, पण चार दिवस गेले. कपाळावरची घडी मामाच बदलायच्या. मला आपल्या गोंयच्या सायबाची, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरची आठवण आली. आम्ही प्रोटेस्टंट, पण गोव्यात वाढलं की सायब सगळ्यांचाच. ते १५४२ च्या मे महिन्यात गोव्याला पोचले, त्याआधी कित्येक महिने त्यांचं जहाज मोझांबिक बेटावर अडकलं होतं. तिथे आजारी खलाशांची शुश्रूषा करता करता ते स्वतःच आजारी पडले. त्यांना कुणी पेज पाजली असेल?

आजारपणात लाज सुटते. पाचव्या दिवशी मी भांडी घासायला बसले तेव्हा मामांनी अडवलं नाही, आपलीही भांडी माझ्याकडे सरकवली.

निघताना त्यांनी एक कापुलाना आणि एक जड पिशवी दिली. ह्या वेळी पाकिटाकडे हात नेला नाही, दोन्ही हातांनी घेतली. घरी येऊन आईसमोर सोडली तर आत भाजलेले काजू! आई म्हणाली, ‘अगं, गोव्यात कुणी काजू आणतं का?’ आणि एक तोंडात टाकून म्हणाली, ‘आपल्यापेक्षा गोड आहेत गं. कुणाला सांगू नकोस.’